गाडीचं आयुष्य संपतं कुठे?

29 ऑक्टोबर 2003 रोजी मुंबईत ताडदेवच्या आरटीओमध्ये शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी नोंदवली गेली. काळी-पिवळीला या शहरात 20 वर्षांची वयोमर्यादा आहे. त्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईत भाड्याची पद्मिनी उरली नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून नवी पद्मिनी बाहेर पडणं कधीच थांबलं होतं. तरी सुटे भाग जुळवत, गिअरबॉक्स उघडत, पत्रा ठोकत मिस्त्रींनी आणि टॅक्सीवाल्यांनी ही गाडी पुढे वीसेक वर्षं रोजच्या धंद्यात ठेवली. तिला थांबवलं ते तारखेने.

खूप चाललेल्या गाड्यांबद्दल आपल्याकडे जे बोललं जातं, ते बहुतेक इंजिनाभोवती फिरतं. किलोमीटर किती झाले, इंजिन उघडलंय का, ऑइल खाते का? प्रश्न योग्यच आहेत, पण तेवढ्याने भागत नाही. इंजिन हा गाडीतला सगळ्यात चांगला दुरुस्त होणारा भाग आहे. गाडी भंगारात जाते ती बहुतेकदा गंजलेल्या चासीमुळे, न मिळणाऱ्या एखाद्या सुट्या भागामुळे, नाहीतर न मिळालेल्या पासिंगमुळे. लाखो किलोमीटर चाललेली गाडी चालती ठेवायची तर ही सगळी बाजू एकत्र पाहावी लागते, आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत ती फार बदलली आहे.

आधी विक्रमांकडे बघू. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर राहणारे शिक्षक इर्व्ह गॉर्डन यांनी 1966 मध्ये लाल व्होल्वो पी1800 घेतली. शाळेत जाऊन यायलाच त्यांना रोज 200 किलोमीटर पडत. 2013 मध्ये त्या एकाच गाडीने 30 लाख मैल, म्हणजे 48 लाख किलोमीटर पूर्ण केले. इंजिन पहिल्यांदा उघडलं ते 6 लाख 80 हजार मैलांवर. त्यांचं गुपित असं काही नव्हतं. पाच हजार किलोमीटरच्या आसपास ऑइल बदलायचं आणि कंपनीच्या पुस्तकात लिहिलेली कामं ठरल्या वेळी करायची, हे त्यांनी अर्धशतक चुकवलं नाही. दुसरं उदाहरण ग्रीसमधले टॅक्सीचालक ग्रेगोरिओस साचिनिडिस यांचं. त्यांनी 1976 च्या मर्सिडीज 240डी वर 46 लाख किलोमीटर काढले आणि 2004 मध्ये ती गाडी कंपनीच्या संग्रहालयाला दिली. तिची इंजिनं मात्र अनेकदा बदलली गेली होती.

माझ्या मते आपल्या उपयोगाचा धडा साचिनिडिस यांच्या गाडीत जास्त आहे. गॉर्डन यांच्यासारखा एकच मालक, एकच चालक आणि मोकळा हायवे फार थोड्यांच्या वाट्याला येतो. धंद्याची गाडी चार हातांतून जाते, खड्ड्यांतून जाते, कधी मापापेक्षा जास्त माल वाहते. तिथे इंजिन कधीतरी कामाला येणारच. ते निघालं की गाडी संपली असं न मानता पुन्हा उभी करण्याची सोय आजूबाजूला आहे का, हा खरा प्रश्न असतो.

किलोमीटरचा आकडाही जरा जपून वाचावा लागतो. मुंबईच्या गर्दीत ताशी 20 च्या सरासरीने चाललेल्या टॅक्सीला एक लाख किलोमीटर व्हायला 5,000 तास लागतात. पुणे-नागपूर-पुणे करणारी गाडी ताशी 60 ची सरासरी ठेवत असेल, तर तेवढ्याच तासांत तिचे तीन लाख होतात. दोन्ही इंजिनं सारखाच वेळ फिरलेली, पण मीटर तिप्पट फरक दाखवतं. त्यातही शहरातल्या गाडीचा क्लच, ब्रेक आणि स्टार्टर कितीतरी जास्त झिजलेला असतो. ट्रॅक्टर आणि जेसीबीला तासांचं मीटर असतं ते याच कारणाने. म्हणून जुनी गाडी बघताना मी दोन लाखांच्या हायवेच्या गाडीला साठ हजारांच्या शाळा-बाजार करणाऱ्या गाडीपेक्षा कमी लेखत नाही. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन नीट तापत नाही. ज्वलनातून आलेली वाफ आणि अर्धवट जळलेलं पेट्रोल ऑइलमध्येच राहतं आणि कालांतराने त्याचा चिखल होतो. शिवाय मीटर मागे फिरवलेलं असू शकतं, हे सगळ्यांना ठाऊक आहेच. पेडलचं रबर, स्टीअरिंगची घासलेली कड, ड्रायव्हरच्या सीटचा दबलेला फोम आणि टायरवरचा आठवडा-वर्षाचा चार आकडी शिक्का एकत्र पाहिले, तर मीटरपेक्षा खरी गोष्ट कळते.

आता ऑइल. ते फक्त वंगण आहे असा समज अजून आहे. प्रत्यक्षात ते काजळी धरून ठेवतं, ज्वलनातून तयार होणारं आम्ल मारतं, पिस्टनखालची उष्णता बाहेर नेतं. ही कामं करणारी रसायनं त्यात मोजकीच घातलेली असतात आणि ती वापरली जातात. ऑइल काळं पडलं म्हणजे बिघडलं, हेही अर्धंच खरं. डिझेल इंजिनात नवं ऑइल थोड्याच दिवसांत काळं होतं आणि ते तसं होणं हे त्याने काजळी धरल्याचं लक्षण आहे. जाणता मिस्त्री रंगावर थांबत नाही. ड्रेन नट उघडल्यावर पहिली धार तो बोटांवर घेतो आणि चोळतो. कचकच लागली तर एअर फिल्टरकडे बघतो, कारण ती धूळ असते. डिझेलचा वास आणि पाण्यासारखा पातळपणा आला तर इंजेक्टर गळतोय. दुधाळ, फेसाळ दिसलं तर कूलंट ऑइलमध्ये येतंय, म्हणजे हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर. नटाच्या लोहचुंबकावर राखाडी पेस्ट असणं नेहमीचं; पण चमकणारे कण किंवा पापुद्रे दिसले तर गाडी पुन्हा स्टार्ट करण्याआधी संप उतरवून बेअरिंग बघायचं. एवढं निदान कुठल्याही यंत्राविना होतं. गाडीचा मालक ऑइल बदलताना शेजारी उभा राहिला तर त्यालाही हे दोन-चार वेळांत कळू लागतं.

किती किलोमीटरला बदलायचं? आजच्या बहुतेक कारना कंपन्या 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष सांगतात, नव्या ट्रकना 40,000 च्या पुढे. हे आकडे चांगलं डिझेल आणि ठरलेल्या दर्जाचं ऑइल धरून काढलेले असतात. पुस्तकाच्या मागच्या पानांवर 'खडतर वापर' असा एक तक्ता असतो, तो फार थोडे लोक वाचतात. धूळ, घाट, ओझं, सतत थांबत-चालत जाणं हे सगळं त्यात मोडतं. महाराष्ट्रातल्या बहुतेक गाड्या त्याच तक्त्यात बसतात. तेव्हा दीड-दोन लाखांच्या पुढे गेलेल्या गाडीला ऑइल वेळेच्या थोडं आधीच बदललं तर पैसे वाया जात नाहीत. काउंटरवर मिळणाऱ्या 'इंजिन नवं करणाऱ्या' बाटल्यांवर मात्र खर्च करू नका. झिजलेली रिंग बाटलीने भरून येत नाही.

कूलंटच्या बाबतीत आपल्याकडे फार नुकसान होतं आणि ते सहज टाळता येतं. 'कूलंट कशाला, पाणीच घाला' हा सल्ला हायवेवर आजही मिळतो. आपल्या दख्खनच्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी जड असतं. त्याचा क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि ब्लॉकच्या पाणीवाटांत बसत जातो. कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्यं असतात, साध्या पाण्यात ती नसतात. ओल्या लायनरच्या डिझेल इंजिनात आणखी एक गोष्ट घडते. लायनरच्या कंपनाने पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि बाहेरच्या बाजूने धातूला टाचणीएवढे खड्डे पाडत जातात. एक दिवस लायनरला आरपार भोक पडतं. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धतही अशीच घातक आहे. तो काढला की इंजिन योग्य तापमानाला पोचायला वेळ लागतो, डिझेल जास्त जळतं, सिलिंडर लवकर झिजतो, आणि तापण्याचं मूळ कारण तसंच राहतं. एकदा अॅल्युमिनियमचं हेड तापून वाकलं की फेसिंग, गॅस्केट, मजुरी मिळून जो खर्च होतो, त्यात कित्येक वर्षांचं कूलंट आलं असतं.

रबराच्या वस्तू आणि ब्रेक ऑइल किलोमीटरवर नव्हे, वयावर जातात, हे कमी चाललेल्या जुन्या गाडीचे मालक विसरतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि घाट उतरताना तापून त्यात वाफ होते, म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं. टायमिंग बेल्टची मुदत टाळू नका. बऱ्याच इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आल्यापासून जुन्या गाड्यांच्या इंधन-नळ्या आणि सील यांच्याकडेही लक्ष हवं. एप्रिल 2023 पासूनच्या गाड्या त्या मिश्रणाला टिकणाऱ्या साहित्याच्या बनवल्या गेल्या. आधीच्या अनेक गाड्यांच्या नळ्या वेगळ्या आहेत. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी असल्याने अॅव्हरेज थोडं उतरणारच. तेवढ्यासाठी इंजिन उघडायला देऊ नका.

इंजिन खरोखर कामाला आलं की नाही हे ठरवायच्याही पायऱ्या आहेत. निळा धूर ऑइलचा, काळा जास्तीच्या डिझेलचा, तापलेल्या इंजिनातून सतत येणारा पांढरा पाण्याचा, हे सगळे जाणतात. पण निळ्या धुराचा अर्थ दर वेळी 'बोअर गेला' असा नसतो. पेट्रोल गाडीत सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायचं, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजायचं. आकडा वाढला तर दोष रिंगांचा, तसाच राहिला तर व्हॉल्व्हचा. सकाळी स्टार्ट करताना क्षणभर धूर येतो आणि मग थांबतो, तेव्हा बऱ्याचदा व्हॉल्व्हचे ऑइल सील बदलून काम भागतं. ही तपासणी न करता 'इंजिन खोलावं लागेल' म्हणणाऱ्याकडे गाडी ठेवू नये.

खोललंच, तर ते कुठे नेता याला फार महत्त्व आहे, आणि या बाबतीत महाराष्ट्र श्रीमंत आहे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनांच्या काळापासून लेथ, बोअरिंग आणि ग्राइंडिंगची विद्या रुजली. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींनी तिला ओतीवकामाची जोड दिली. अशा दुकानात ब्लॉक आला की आधी तो धुऊन निघतो, मग डायल गेजने बोअर वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांनी मोजला जातो. सिलिंडर सरळ गोल झिजत नाही. वरच्या रिंगच्या पट्ट्यात जास्त झिजतो आणि पिस्टनच्या रेट्याच्या बाजूला लांबट होतो. नुसत्या नव्या रिंगा घातल्या तर त्या या लांबट भोकात नीट बसत नाहीत आणि काही महिन्यांत गाडी पुन्हा ऑइल खाऊ लागते. म्हणून पाव मिलिमीटर, अर्धा मिलिमीटर अशा ठरलेल्या पायऱ्यांनी बोअर मोठा करून त्या मापाचे ओव्हरसाइझ पिस्टन बसवतात, नाहीतर लायनर बदलतात. शेवटी होनिंग. दगडाच्या बारीक ओरखड्यांची जाळी सिलिंडरवर तिरकी उमटते आणि त्या ओरखड्यांत ऑइल टिकून राहतं. जाळी न उमटवता आरशासारखा गुळगुळीत केलेला बोअर दिसायला छान, पण त्यात रिंगा बसत नाहीत.

क्रँकचंही तसंच. जर्नल ग्राइंड करून अंडरसाइझ बेअरिंग घालता येतं. पण क्रँकचा पृष्ठभाग नायट्राइड केलेला असेल आणि ग्राइंडिंगमध्ये तो कठीण थर निघून गेला असेल, तर पुन्हा नायट्रायडिंग करूनच घ्यावं लागतं. ही पायरी खर्च वाचवायला गाळली जाते आणि मग 'एकदा खोललेलं इंजिन टिकत नाही' अशी म्हण तयार होते. नीट मोजून, नीट धुऊन, ठरल्या टॉर्कने आवळलेलं इंजिन दुसऱ्या जन्मातही लाखो किलोमीटर देतं. ग्राहकाने मापं लिहिलेला कागद मागावा. चांगला कारागीर तो आनंदाने देतो.

ट्रकच्या आयुष्याला आपल्याकडे ठरलेले टप्पे आहेत. पहिली काही वर्षं नॅशनल परमिटवर लांब पल्ल्याची, मोठ्या ट्रान्सपोर्टकडे. मग दुसरा मालक, राज्यातल्या राज्यात. त्यानंतर वीट, मुरूम, गळीत हंगामात ऊस. अखेरीस मराठवाड्यात किंवा माणदेशात पाण्याचा टँकर. प्रत्येक उतरंडीला मालकाची ऐपत कमी आणि ओझ्याचा त्रास जास्त. अशा गाडीचं इंजिन हा दुय्यम विषय असतो. आधी चासी बघावी. कमानीचे ब्रॅकेट जिथे रिव्हेटने बसतात तिथे बारीक तडे जातात आणि ते चिखल खरवडल्याशिवाय दिसत नाहीत. घाईत वरच्या-खालच्या पट्टीवर वेल्डिंग मारलं, तर उष्णतेने तिथलं पोलाद मऊ पडतं आणि पुढचा तडा वेल्डिंगच्या कडेला जातो. किंगपिन, कमानीच्या पिना, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस यांना ग्रीस मारताना निप्पलमधून जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन मागून नवं दिसेपर्यंत गन चालवायची. दोन दाब मारून पुढे जाणारा पोरगा ग्रीसिंग केल्याचं फक्त दाखवतो. आणि ओझं. मापापेक्षा जास्त माल भरणाऱ्या ट्रकला कुठलीही देखभाल पुरी पडत नाही. मुख्य पाटा, एक्सल, ब्रेक ड्रम, टायर, सगळं एकदमच मुदतीआधी जातं, आणि घाटात माणसाचा जीवही.

मोठ्या प्रमाणावर जुनी वाहनं कशी चालवावीत हे पाहायचं तर एसटीकडे पाहावं. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली, त्यानंतर दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळांनी गाड्या बांधल्या आणि पुन्हा उभ्या केल्या. एसटीवर टीका करायला जागा भरपूर आहे. पण ठरावीक काळाने गाडी आगारातल्या खड्ड्यावर घेणं, चालकाने आणलेली तक्रार नोंदवणं, उतरवलेलं युनिट कार्यशाळेत पाठवून तयार युनिट बसवणं, टायरवर नवा पट्टा चढवून केसिंग पुन्हा वापरणं, ही शिस्त कोणाही गाडीमालकाने उचलावी अशी आहे. खेड्यापाड्यांच्या रस्त्यांवर एवढी वर्षं ही सेवा टिकली त्यामागे ती शिस्त आहे.

कोकण आणि गोव्यातल्या गाड्यांची गोष्ट वेगळी. तिथे इंजिन ठणठणीत असताना गाडी खालून जाते. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस असतोच, शिवाय लाल चिखल दाराच्या खालच्या पोकळीत, चाकाच्या कमानीत, सस्पेन्शन बसतं त्या जागी साठतो. मासळी वाहणाऱ्या गाड्यांतून तर बर्फाचं खारं पाणी थेट चासीवर गळत राहतं. पावसाळा संपला की खालून गोड्या पाण्याने धुणं, दारांच्या तळाची निचऱ्याची भोकं मोकळी ठेवणं आणि दर दोन-तीन वर्षांनी आतल्या पोकळ्यांत मेणाचा लेप फवारणं, एवढ्याने गाडीला बरीच वर्षं मिळतात. गंजावर नुसता काळा रंग फासला तर आत गंज वाढत राहतो. किनाऱ्यावरून गाडी घेणाऱ्याने ती आधी रॅम्पवर चढवून बघावी, बोनेट नंतर उघडावं.

एवढं सगळं जुन्या विद्येचं झालं. 1 एप्रिल 2020 पासून देशात बीएस-6 हे धुराचे नवे निकष लागू झाले आणि गाडी टिकवण्याचा प्रश्न धातूकडून नळ्या-सेन्सरांकडे सरकला. जुन्या टाटा किंवा महिंद्राच्या डिझेलला यांत्रिक पंप असे. पंपवाला तो टेबलावर लावून माप देई आणि गाडी निघे. आताच्या कॉमन रेलमध्ये डिझेल 1,600 ते 2,000 बारच्या दाबाने येतं आणि इंजेक्टरमधली फट काही मायक्रॉनांची असते. त्यात पाण्याचा थेंब किंवा भेसळीचं रॉकेल गेलं तर तो जातोच. म्हणून नव्या डिझेलवाल्याने डिझेल फिल्टर आणि त्याखालचा पाणी साठण्याचा कप यांना ऑइलइतकंच महत्त्व द्यावं. धूर गाळणारा डीपीएफ आपल्यातली काजळी जाळून टाकतो, पण त्यासाठी काही वेळ गाडी बऱ्या वेगात चालावी लागते. रोज पाच किलोमीटर ऑफिसला जाणाऱ्या माणसाने डिझेल गाडी घेतली की डीपीएफ तुंबतो. शहरातल्या शहरात फिरायचं असेल तर डिझेल घेऊ नये, असं माझं स्वच्छ मत आहे.

ट्रकमध्ये याच्या जोडीला डीईएफची टाकी आली. त्यात शुद्ध युरियाचं 32.5 टक्के द्रावण लागतं. पैसे वाचवायला शेताचा युरिया पाण्यात कालवून घालणारे आहेत. आपल्या शेताच्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो, शिवाय त्यात इतर अशुद्धी असतात. त्याने नोझल तुंबतो, कॅटॅलिस्ट निकामी होतो आणि मग ट्रक स्वतःच शक्ती कमी करतो. त्यावर उपाय म्हणून सॉफ्टवेअरमध्ये फेरफार करून ही सगळी यंत्रणा बंद करून देणारेही भेटतात. तो मार्ग बेकायदा आहे आणि मागे चालणाऱ्या प्रत्येकाच्या फुप्फुसाशी केलेला गुन्हा आहे.

या नव्या गाड्यांचं आयुष्य कुठे अडणार, हे आजच दिसतंय. कार्यशाळेत इंजिन पुन्हा उभं करता येतं. पण एखादं कंट्रोल युनिट बंद पडलं, त्याचा भाग कंपनीने बनवणं थांबवलं आणि नवा बसवून त्याला गाडीशी जोडायचं सॉफ्टवेअर फक्त अधिकृत सेंटरकडे असलं, तर उत्तम स्थितीतली गाडी उभी राहते. 25 ऑगस्ट 2014 रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने 14 कार कंपन्यांना मिळून 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला तो याच मुद्द्यावर. अस्सल सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना खुलेपणाने मिळू दिली जात नाहीत, असा तो निष्कर्ष होता. 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' यावर समिती नेमली, त्यातही वाहनं हे एक क्षेत्र होतं. त्या वर्षअखेरीस या हक्काचं पोर्टल सुरू झालं. पण नाक्यावरच्या मिस्त्रीला प्रत्यक्षात त्याचा फारसा आधार मिळालेला नाही. तोवर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरची जुन्या भागांची दुकानं हीच अनेकांची शेवटची आशा आहे. तिथून दरवाजा, आरसा, गिअरबॉक्सचं घर घ्यावं. ब्रेकचे भाग, स्टीअरिंगचे जॉइंट आणि रबरी वस्तू जुन्या किंवा डुप्लिकेट कधीही घेऊ नयेत.

राहिला कायद्याचा प्रश्न, आणि इथे जुन्या गाडीच्या प्रेमिकांनीही प्रामाणिक राहायला हवं. डिझेल कारला बीएस-4 मध्ये किलोमीटरमागे 25 मिलिग्रॅम धूलिकणांची मुभा होती. बीएस-6 मध्ये ती 4.5 वर आली. नायट्रोजन ऑक्साइडची 250 वरून 80 वर. त्याही आधीच्या बीएस-2 च्या ट्रकने भिवंडीच्या नाक्यावर सोडलेला धूर कितीही चांगल्या ऑइलने पुसला जात नाही. तेव्हा सगळ्या जुन्या गाड्या कायम चालू द्या, असं कोणी म्हणू नये.

पण वयाची सरसकट रेघही चुकीची आहे. दिल्लीत डिझेलला 10 आणि पेट्रोलला 15 वर्षांची मर्यादा राष्ट्रीय हरित लवादाने घातली, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली, आणि तिथल्या कितीतरी गाड्या ना-हरकत पत्र घेऊन इतर राज्यांत गेल्या. धूर गावाबाहेर गेला, कमी झाला नाही. ऑगस्ट 2025 मध्ये त्याच न्यायालयाने केवळ वयावरून मालकांवर कठोर कारवाई करू नये, असा अंतरिम आदेश दिला. 2021 चं स्क्रॅपिंग धोरण या मानाने शहाणं आहे. धंद्याच्या वाहनाला 15 आणि खासगीला 20 वर्षांनंतर स्वयंचलित केंद्रात तपासायचं आणि नापास झालं तर मोडीत काढायचं, हा त्याचा गाभा. सरकारी वाहनांना मात्र 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांची सक्त रेघ आहे, मग ती कितीही कमी चाललेली असोत. तपासणी प्रामाणिक असेल, ब्रेक रोलरवर मोजला जात असेल आणि धूर यंत्राने मोजला जात असेल, तर निकाल आकड्यावर सोडावा. गाडी किती सालची आहे, हा प्रश्न मग उरू नये.

खर्चाचा हिशेब कसा करायचा, हे नेहमी विचारलं जातं. 'गाडीची किंमत दोन लाख आणि इंजिनाचा खर्च एक लाख, मग कशाला?' हा हिशेब चुकतो, कारण तुलना विक्रीच्या किमतीशी केली जाते. ती नव्या गाडीच्या वर्षभराच्या हप्त्याशी, विम्याशी आणि पहिल्या वर्षात होणाऱ्या घसरणीशी करावी. दुरुस्तीने दोन-तीन वर्षं निर्धास्त मिळत असतील, तर ती बहुतेक वेळा स्वस्त पडते. चासीला तडे असतील, तळ गंजून भोकं पडली असतील, किंवा एअरबॅग आणि एबीएस नसलेल्या गाडीत रोज मुलांना घेऊन हायवेवर जायचं असेल, तर मात्र हिशेब न करता ती सोडावी.

सरकारकडे मागणी एकच आणि स्पष्ट हवी: मॉडेल बंद झाल्यावर ठरावीक वर्षं सुटे भाग आणि निदानाचं सॉफ्टवेअर कोणत्याही गॅरेजला रास्त किमतीत मिळणं कंपन्यांना बंधनकारक करा. गाडीवाल्याने आपल्या बाजूने एक वही करावी. तारीख, किलोमीटर, काय बदललं, कोणत्या कंपनीचं, कोणी बसवलं, आणि भरलेलं प्रत्येक लिटर डिझेल-पेट्रोल. अॅव्हरेज हळूहळू घसरतंय, ऑइल दर हजारी किती कमी होतंय, कूलंट का लागतंय, हे या वहीत बिघाडाच्या कितीतरी आधी दिसतं. आजच सुरू करा, ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा, आणि गाडी विकाल त्या दिवशी किल्लीबरोबर ती वहीही पुढच्या मालकाला द्या.